इरल्याखालचा बुलबुल आणि सरांचा ‘निसर्ग’

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये समोरच्या विंगमधल्या सरांचं व्याख्यान झालं. विषय, पावसाळा आणि पक्षी. सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. चाळीसेक वर्षं पक्षी बघताहेत, नुसत्या आवाजावरून वटवट्याची जात सांगतात. मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणारी बाई. तेव्हा आमचा सामना बरोबरीचा नाही, हे आधीच कबूल करते.

व्याख्यान चांगलं रंगलं. शेवटी सरांनी ‘आपल्याच सोसायटीतलं एक उदाहरण’ म्हणून एका घरट्याचा किस्सा सांगितला. नाव घेतलं नाही. पण तिसऱ्या मजल्यावर ग्रिलला इरलं बांधून ठेवणारी पुण्यात दुसरी कोण असणार? लोक हसले, मीही हसले. मग सर म्हणाले, “हौसेला भूतदया म्हणू नये. निसर्गाचं निसर्गाला करू द्यावं. अशा छत्र्या धरून पक्षी वाचवायचे म्हणजे टिटवीनं समुद्र आटवायला निघायचं.”

उत्तर मला नेहमीप्रमाणे घरी येऊन भांडी घासताना सुचलं. सगळ्यात आधी टिटवीचं. सर, ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण टिटवीची टिंगल करणारी नाही. पंचतंत्रातल्या त्या गोष्टीत समुद्रानं टिटवीची अंडी पळवली होती, आणि शेवटी त्याला ती परत करावी लागली. गोष्ट घरट्याची आहे आणि टिटवी जिंकते. उदाहरण तुम्ही दिलंत, कामाला माझ्या आलं.

आता किस्सा. सरांनी तो अर्धाच सांगितला, कारण उरलेला अर्धा त्यांच्या गॅलरीतून दिसत नाही.

मेचा दुसरा आठवडा होता. मधुमालतीच्या वेलात लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं होतं. वाटीएवढं, काटक्यांचं आणि मुळ्यांचं, कडेला कोळ्याचं जाळं गुंडाळलेलं. अंडी तीन, त्यातली दोन फुटली. पिलं चार दिवसांची असताना वळीव आला. चार दिवसांचं पिलू म्हणजे काय, तर मिटलेले डोळे, उघडी चोच आणि मध्ये गुलाबी कातडं. अंगावर पिसाचा पत्ता नाही. वारा सोसाट्याचा, पाऊस तिरपा. तरी वेल भिंतीच्या आडोशाला होता आणि वरून येणारं पाणी पानांवर बरंचसं अडत होतं. घरटं बुडायला लागलं ते दुसऱ्याच पाण्यानं. आमच्या वरच्या मजल्यावर गॅलरी बंद करून घेतली आहे आणि तिथलं साचलेलं पाणी काढायला भिंतीतून एक बोटभर पाइप बाहेर सोडला आहे. त्याची धार थेट घरट्यावर.

नैसर्गिक निवड पीव्हीसीच्या पाइपातून होते, असं डार्विननं कुठं लिहिलं असेल तर सरांनी पान क्रमांक सांगावा. सरांच्या वाक्यातला ‘निसर्ग’ मी त्या दुपारी बराच शोधला. भिंत बिल्डरची. वेल मी नर्सरीतून आणलेला. पूर्वी जिथं बुलबुलांची घरटी असायची ते करवंदीचं आणि घाणेरीचं कुंपण पार्किंगसाठी काढून टाकलं, तो ठराव सोसायटीच्या सभेत एकमतानं झाला. मांजरं आणि कावळे खाली आमच्याच ओल्या कचऱ्यावर पोसलेले, त्यांना टाळायला बुलबुल वर चढला. इतकं सगळं आम्ही केल्यावर पाऊस पडायच्या वेळी हात वर करून ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणायचं, हे मला जमत नाही. ढवळाढवळ नको हे तत्त्व मला मान्य आहे. ते फक्त वाचवण्याच्या वेळीच का आठवतं, एवढाच माझा सवाल आहे. कुंपण तोडताना ते कुणाला आठवलं नाही. सर त्या सभेला हजर होते.

आता सरांची सगळ्यात वजनदार हरकत. बुलबुल काही दुर्मीळ नाही. उघड्यावर वाटीसारखं घरटं करणाऱ्या लहान पक्ष्यांची पुष्कळ घरटी बुडतातच. बहुतेक कावळा, भारद्वाज, मांजर, साप यांच्या तोंडी जातात, काही पावसात. घरटं गेलं की जोडी आठ-पंधरा दिवसांत दुसरं मांडते. एका घरट्यानं जातीला काही फरक पडत नाही. हे सगळं खरं आहे, मी खोडून काढायला जाणार नाही. पण यातून ‘म्हणून पाण्याची धार पडू द्या’ हे कसं निघतं? माणसाच्या जातीला आमच्या शेजारच्या आजोबांनी फरक पडत नाही, म्हणून लिफ्ट बंद असताना त्यांची पिशवी वर नेऊन द्यायची नाही, असं कुणी म्हणत नाही. जातीचा हिशेब वेगळा आणि दारातला हिशेब वेगळा.

शिवाय हे दोन हिशेब कधीकधी एकमेकांना मिळतात. आसामात कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पाचरिया या गावांत हरगिला, म्हणजे मोठा क्षत्रबलाक, लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर घरटी करतो. एके काळी घाण करतो, वास मारतो, अपशकुनी आहे म्हणून लोक ती झाडंच तोडत. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना एकत्र केलं. झाडं तोडणं थांबलं, आणि वाऱ्यानं वरून पडणारी पिलं दगावू नयेत म्हणून झाडांखाली जाळी लावली गेली. एकेक पिलू झेलायला जाळी! सरांच्या भाषेत ही शुद्ध हौस. या कामासाठी बर्मन यांना 2022 साली संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला, आणि जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी उरलेल्या या पक्ष्याची संख्या तिथं वाढली. माझा बुलबुल हरगिला नाही, हे मला कळतं. पण जात वाचवायची सुरुवात कुठून तरी एका परसातल्या एका पिलापासूनच झाली, हेही दिसतं.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली, ती मला जास्त खटकली. पहिल्या रांगेतल्या एका वहिनींनी विचारलं, “माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते ना? शिवलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, असं आमची आजी सांगायची.” सर हसले आणि म्हणाले, “लोक लांब राहत असतील तर ही समजूत राहिलेली बरी.”

सर, ही समजूत खोटी आहे हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. माणसाच्या हाताच्या वासानं बुलबुल, चिमणी, दयाळ पिलं टाकत नाहीत. अभ्यासक घरट्यातली पिलं उचलून वजन करतात, परत ठेवतात, आणि आईबाप थोड्या वेळानं अळी घेऊन हजर होतात. पक्षी घाबरतो तो वर्दळीला. पुन्हा पुन्हा डोकावणाऱ्या चेहऱ्याला, मोबाइल पुढं करणाऱ्या हाताला. घरटं बांधून होत असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना ही वर्दळ झाली तर जोडी खरोखर ते सोडून देते. पिलं निघाल्यावर सहसा सोडत नाही.

आणि ही ‘बरी’ समजूत दर पावसाळ्यात किती पिलं मारते! वाऱ्यानं पिलू खाली पडतं. बघणाऱ्याला वाटतं, आता आपण हात लावला, आता आई घेणार नाही. मग ते पिलू बुटाच्या खोक्यात, कापसावर, घरात. त्याला दूध-पोळी. दूध पक्ष्याला पचत नाही. ड्रॉपरनं चोचीत पाणी, ते श्वासनळीत. दोन दिवसांनी कुंडीतल्या मातीत त्याला पुरून मुलं रडतात. खरं सांगितलं असतं तर त्याच माणसानं पिलू उचलून घरट्यात ठेवलं असतं, काम दोन मिनिटांचं होतं. घरटंच खाली आलं असेल तर ते तळाला भोकं असलेल्या एखाद्या परडीत बसवून त्याच फांदीला, नाहीतर जवळच्या आडोशाला बांधता येतं, आणि आईबाप हाकेवर येतात. पंख फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिलू असेल तर त्याला झुडपात सोडून आपण घरात यायचं, तेही नाही केलं तरी चालतं. हे सांगायला सरांना हॉलमध्ये माइक होता. त्यांनी आजीची गोष्ट जपली.

सरांच्या एका मुद्द्यावर मात्र माझा नाइलाज आहे, कारण तो बरोबर आहे आणि त्याचा पुरावा मीच दिला. ते म्हणाले, मदत करणाऱ्यांमुळे जास्त नुकसान होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा निळं प्लॅस्टिक बांधलं. ते वाऱ्यानं फडफडायला लागलं. बुलबुलाची मादी समोरच्या तारेवर बसून किंचाळत राहिली, पिलांवर येऊन बसेना. पावसात त्या पंधरा मिनिटांत मी जे केलं ते पाइपाहून वाईट होतं. मी प्लॅस्टिक ओढून काढलं, आणि तेव्हा भिंतीवरच्या इरल्याकडे लक्ष गेलं.

हे इरलं माझ्या माहेरचं, श्रीवर्धन तालुक्यातलं. कामट्यांच्या सांगाड्यात पानं घातलेलं, लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर कासवासारखं बसणारं. आता शेतातही कुणी वापरत नाही, म्हणून मी दिवाणखान्यात शोभेला टांगलं होतं. शोभेची वस्तू तीस वर्षांनी कामाला लागली. घरट्याच्या वर हातभर अंतर ठेवून, भिंतीकडून बाहेर उतार देऊन, चार ठिकाणी सुतळीनं आवळून बांधलं. जड असल्यामुळे फडफडत नाही. रंग मातकट, त्यामुळे कावळ्याला बोट दाखवून बोलावल्यासारखं होत नाही. ज्या बाजूनं जोडी ये-जा करते ती बाजू मोकळी ठेवली. घरट्याला हात लावला नाही. मग दार लावून पडद्याआडून बघत बसले. दहाएक मिनिटांत मादी आत येऊन बसली. पाऊस थांबल्यावर, दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत, इरलं उतरवून ठेवलं. कारण उन्हात आच्छादनाखाली कोंडून राहणारी उष्णता पिलांना पावसाइतकीच मारते.

एवढ्या खटाटोपानं काय झालं, हे सरांच्या विषयातलं आहे, पण त्यांनी सांगितलं नाही म्हणून मी सांगते. उघड्या पिलाला पहिला आठवडाभर स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. आई बसली तर ते गरम राहतं. आई बसून राहिली तर खायला कोण आणणार? नर आणतो, पण मुसळधार पावसात किडे बाहेर कुठले? पाऊस तासाभराचा असेल तर निभतं. दिवसभराचा असेल तर आई उठली की पिलं गारठतात आणि बसून राहिली की उपाशी राहतात. वर आडोसा असला, घरटं कोरडं राहिलं, तर पाऊस जरा उघडताच तिला दहा मिनिटं उठता येतं आणि मागं पिलं भिजत नाहीत. मी इरलं बांधून त्या मादीला दहा मिनिटं मिळवून दिली. कामावर जाताना बाळ शेजारणीकडे ठेवून गेलेल्या कुठल्याही बाईला हे समजेल.

सगळ्यांनाच असा आडोसा लागतो असंही नाही. सुगरणीवर छत्री धरणं हा तिचा अपमान आहे. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला सुगरणींचा अभ्यास केला. ते पक्षी भर पावसाळ्यातच वीण करतात, आणि लोंबती घरटी पुष्कळदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, नैर्ऋत्येकडच्या पावसाची पाठ करून बांधतात. शिंजीर आपल्या लोंबत्या घरट्याच्या दारावर छोटी वळचण काढतो, आपल्या पडवीसारखी. याउलट होला. दहा-बारा काड्या आडव्या-तिडव्या टाकल्या की झालं त्याचं घर, खालून बघितलं तर अंडी दिसतात. होल्याच्या संसाराकडे बघून मला नेहमी आमच्या एका चुलतभावाची आठवण येते. तर सांगायचं हे की कुणाला मदत लागते आणि कुणाला नाही, हे बघून ठरवावं लागतं. ‘कुणालाच नको’ हा नियम सोपा आहे, कारण त्यात बघावं लागत नाही.

कायद्याचाही धाक घातला गेला. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणं तर येतंच, अंड्यांना आणि घरट्याला बाधा आणणंही येतं. बरोबर आहे. म्हणूनच घरटं उचलून घरात नेऊ नये, अंडी हाताळू नयेत, ‘सुरक्षित जागी’ हलवू नयेत. हातभर वर बांधलेल्या इरल्यानं बाधा येते की टळते, हे वकिलांनी ठरवावं. माझं म्हणणं एवढंच की हे कलम वाचून दाखवायचंच असेल तर त्याला योग्य जागा आहे. दर वर्षी मेच्या शेवटी आमच्या सोसायटीत ‘पावसाळ्यापूर्वीची छाटणी’ होते. कंत्राटदाराची माणसं करवती घेऊन येतात आणि दोन दिवसांत कडुनिंब, गुलमोहर, सोनमोहोर बोडके करून जातात. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती काढलेलीही असते. पण परवानगीच्या कागदावर घरटं दिसत नाही. बुलबुल, होला, कावळा, शिंपी, सगळ्यांची वीण ऐन भरात असते तेव्हाच करवत चालते. गेल्या वर्षी छाटलेल्या फांद्यांच्या ढिगात मला कावळ्याची दोन घरटी आणि होल्याचं एक दिसलं. हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात केलं तर पावसाळ्यात फांदी पडायची भीती तितकीच कमी होते आणि बहुतेक घरटी रिकामी असतात. सरांच्या दीड तासाच्या व्याख्यानात वादळ होतं, गारा होत्या, माझं इरलं होतं. करवत नव्हती.

एका बाबतीत मी सरांच्याही पुढं जाऊन हार मानते. ‘आधी माणसांचं बघा’ असं कुणीतरी मागून ओरडलं होतं. 3 जून 2020 ला जे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं त्याचं नावच ‘निसर्ग’ होतं, बांगलादेशानं सुचवलेलं. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा वारा. माहेरच्या पडवीत विजेच्या मीटरवर तेव्हा बुलबुलाचं घरटं होतं. आई दोन आठवडे पडवीतला दिवा लावत नव्हती, संध्याकाळी कंदील घेऊन जायची. वादळाच्या दिवशी पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडाली, माजघरात सगळे एका कोपऱ्यात बसून होते, वाडीतल्या पोफळी आणि माड एकापाठोपाठ मोडताना ऐकू येत होते. घरट्याकडे कुणी बघितलं नाही. मीटरही भिंतीवर राहिला नाही. मला फोन लागायलाच चार दिवस गेले, आणि तेव्हा मी पहिल्यांदा छपराचं विचारलं, मग वाडीचं. घरट्याचं आठवडाभरानं आठवलं. तशा वाऱ्यात इरलं घेऊन बाहेर पडणारा शहाणा नव्हे. सरांचं ‘निसर्गाला करू द्या’ तिथं लागू आहे, कारण तिथं दुसरा पर्यायच नसतो. पण पुण्यातला मेमधला वळीव म्हणजे चक्रीवादळ नव्हे, आणि वरच्या मजल्याचा पाइप म्हणजे तर मुळीच नव्हे. मोठ्या संकटातली हतबलता छोट्या संकटात तत्त्व म्हणून वापरू नये.

आपल्या भाषेतली बहुधा सगळ्यात जुनी गोष्ट पावसात घर वाहून गेलेल्या पाखराची आहे. शेणाचं घर, मेणाचं घर, दारावरची थाप. तिचं जुनं रूप लीळाचरित्रातही सापडतं. सात-आठशे वर्षं आपण पोरांना ती सांगून घास भरवतोय. दार न उघडणाऱ्या चिमणीचं बरोबर होतं असं सांगणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

किस्सा पुरा करते. दोन पिलांपैकी एक त्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी घरट्यात मेलेलं दिसलं. कशानं, मला सांगता येणार नाही. दुसरं अकराव्या-बाराव्या दिवशी वेलातून ग्रिलवर, ग्रिलवरून समोरच्या कडुनिंबावर गेलं. सर हा हिशेब पन्नास टक्के अपयश असा मांडतील. मांडू देत. वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी बोलले, त्यांनी पाइपाला एक वळण लावून घेतलं, खर्च आला दीडशे रुपये.

छाटणी नोव्हेंबरात करावी असा अर्ज मी सेक्रेटरींकडे देणार आहे. आतापर्यंत एकोणीस सह्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या त्या वहिनींनीही केली. सरांच्या दाराशी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा ते पक्षी बघायला बाहेर गेले होते.